डावीकडची मूठ

७ जुलै १९८९, शुक्रवार

आज कापडाच्या लूमना सुट्टी, त्यामुळे गल्ली गप्प आहे. खटखट थांबली की घरातले आवाज ऐकू येतात. स्टोव्हचा, नळाचा, कौसल्येच्या श्वासाचा.

लहानपणी खारबावच्या शाळेत चांगदेव मास्तर आम्हाला रोज दोन ओळी लिहायला लावत, ‘आज काय पाहिलं’. नोकरी लागल्यावर ती सवय गेली. आता दवाखान्यातल्या डॉक्टरांनीच सांगितलं, बारीकसारीक फरक लक्षात ठेवा. म्हणून ही वही आणली.

कौसल्येला गेल्या महिन्यात अर्धांगाचा झटका आला. देवीच्या कृपेने हलक्यावर निभावलं. वाचा शाबूत आहे. डावा पाय थोडा ओढते, डाव्या हाताची पकड ढिली आहे, पण धरून धरून चालते. परवा घरी आणलं. निघताना डॉक्टरांनी विचारलं, “बाईंना काय आवडतं? गाणी, वाचन? मन रमवायला हवं.” मी म्हटलं, “विशेष काही नाही. घरकाम करते.”

१२ जुलै, बुधवार

कौसल्या माझ्यावर रागावली आहे. कशावरून ते कळत नाही.

खाटेच्या डाव्या अंगाला, खिडकीजवळ, माझी खुर्ची असते. तिथून काही विचारलं तर ती उत्तर देते, पण भिंतीकडे बघून. ताटातला भात खाते, आमटी खाते, भाजीला हात लावत नाही. आज मुद्दाम तिच्या आवडीची भेंडी केली (शांताबाईंनी सांगितलं की हिला आवडतं), तर तशीच राहिली. मी विचारलं, “भाजी का टाकलीस?” तर म्हणते, “भाजी वाढलीत कुठं तुम्ही?”

शेजारच्या शांताबाई संध्याकाळी आल्या. कौसल्येचं डोकं बघून हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या. “गो बाई, अर्धीच वेणी घातली हाय? या बाजूचं केस न्हाय तुझं?” कौसल्येने स्वतः विंचरलं होतं. उजवी बाजू नीट, चापूनचोपून. डावीकडचे केस तसेच मोकळे.

मग माझ्या ध्यानात आलं. भाजी ताटात नेहमी डावीकडे होती. आपल्याकडे वाढतात उजवीकडे भाजी, डावीकडे चटणी-लोणचं. पण ती बसते भिंतीला टेकून आणि मी समोरून वाढतो, तेव्हा माझी उजवी ती तिची डावी.

२१ जुलै, शुक्रवार

आज खाट फिरवली. आता खिडकी, दार, पाण्याचा तांब्या, माझी खुर्ची, सगळं तिच्या उजवीकडे येतं. डावीकडे नुसती भिंत. तिला सोपं झालं. मलाही हलकं वाटलं. माणसाला जे दिसत नाही ते त्याच्यापुढे आणून ठेवावं, एवढंच आपल्या हातात.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे. सकाळी पूजेला तिला पाटावर बसवलं. बायको उजव्या अंगाला बसते ही आपली रीत, म्हणजे मी तिच्या डावीकडे आलो. हळद-कुंकू वाहून झालं, तरी ती घंटा हातात धरून बसून राहिली. म्हटलं, वाजव की. तर देवाकडे बघून म्हणाली, “हे येऊ देत. हे आले की आरती करू.”

मी तिच्या खांद्याला खांदा लावून बसलो होतो.

उठून दुसऱ्या बाजूला बसलो. रीत मोडली. वज्रेश्वरीच्या आईला मनातल्या मनात सांगितलं, सांभाळून घे.

९ ऑगस्ट, बुधवार

आज फार मोठं संकट टळलं. मी ड्युटीवर असताना कौसल्येने चहा केला आणि भांडं उतरवून स्टोव्ह तसाच पेटता ठेवला. स्टोव्ह ओट्याच्या डाव्या टोकाला. पदर पेटला तो शांताबाईंनी विझवला. मनगटाजवळ भाजलं आहे. कौसल्या घाबरली नाही, हेच मला जास्त भयंकर वाटलं. “स्टोव्ह बंदच होता,” असं शांतपणे सांगत होती.

१७ ऑगस्ट, गुरुवार. नारळी पौर्णिमा

प्रभाकर, तिचा धाकटा भाऊ, खारबावहून आला. ओवाळायला पाट मांडला. तिने कुंकू लावलं ते त्याच्या भुवईवर, पार कडेला. प्रभाकर हसला, “ताई, मला काय सर्कशीत पाठवतेस?” मग ती निरांजन फिरवायला लागली. हात उजव्या बाजूला वर जायचा, खाली यायचा. वर, खाली. पूर्ण फेर काही होत नव्हता. त्याचं अर्धं तोंड उजेडात आणि अर्धं नाही. ती मात्र मनापासून, आई म्हणायची ते गाणं म्हणत ओवाळत होती.

या बहीणभावाची एक जुनी गंमत आहे. लग्नानंतर पहिल्या वर्षीच मी ती पाहिली होती. ओवाळून झालं की प्रभाकर दोन्ही मुठी पुढे करतो. एकीत काहीतरी लपवलेलं असतं. लहानपणी चिंचोका, पेरू, काहीही. ती मूठ ओळखते, चुकली की बोटं उघडायला झटते, दोघं पाटावरून खाली पडेपर्यंत. तिशी उलटली, चाळिशी उलटली, तरी हा खेळ सुटला नाही.

आज त्याने मुठी पुढे केल्या. तिने समोरची उघडली. रिकामी. ती त्या तळव्याकडे बघत राहिली. म्हणाली, “या वेळेला काही आणलं न्हाईस?”

दुसरी मूठ तिच्यापुढे तशीच होती. सोनचाफ्याचा वास मला येत होता.

जेवण झाल्यावर प्रभाकर मला बाहेर घेऊन गेला. लूमच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागत होतं. “भावोजी, ताई इथं एकटी ऱ्हाते दिवसभर. उद्या काय झालं तर? आमच्याकडं माणसं हायेत. मी भाऊबीजेपर्यंत वाट बघतो. फरक न्हाय पडला तर मी तिला घेऊन जाणार. तुम्ही न्हाय म्हणू नका.”

मी नाही म्हटलं नाही. त्याचं चुकत काय होतं? आम्हाला मूल नाही. कौसल्या खारबावला गेली तर या खोलीत मी आणि देव.

कौसल्येला सांगितलं.  मग म्हणाली, “खारबावला माझी खिडकी न्हाय.”

२६ ऑगस्ट, शनिवार

ठाण्याला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉ. नीला गायकर. वयाने लहान, पण बोलताना घाई नाही. कागदावर आडवी रेघ काढून कौसल्येला म्हणाल्या, “मावशी, याचा मध्य दाखवा.” कौसल्येने पेन्सिल टेकवली ती उजव्या टोकाशी.

बाईंनी मला समजावलं ते जमेल तसं लिहितो. डोळे चांगले आहेत. उजेड आत जातो. पण बघणं हे काम डोळ्यांचं एकट्याचं नाही. मेंदूला तिकडे वळावं लागतं. कौसल्येच्या मेंदूचा उजवा भाग दुखावला आहे, आणि डावीकडे लक्ष वळवण्याचं काम त्याचं होतं. “त्यांना डावीकडे अंधार दिसत नाही, काका. अंधार दिसला असता तर त्यांनी मान वळवून शोधलं असतं. त्यांच्या लेखी डावी बाजूच नाही. जे नाही, ते कोण शोधेल?”

मी खाट फिरवल्याचं सांगितलं. वाटलं, शाबासकी देतील. त्यांनी मान हलवली. “हे उलटं झालं. सगळं उजवीकडे नेलंत, तर मेंदू डावीकडे जायचं कशाला मनावर घेईल? खाट पहिल्यासारखी करा. तुम्ही डावीकडेच बसा.”

म्हणजे पूजेची रीत बरोबर होती.

ताटाच्या आणि आरशाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावायला सांगितली. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मगच घास घ्यायचा. कापड तपासून घडी घालायच्या आमच्या फोल्डिंग खात्यात हेच करतो आम्ही. कापड टेबलावरून सरकतं तेव्हा नजर आधी डाव्या किनारीच्या रंगीत धाग्यावर ठेवायची आणि तिथून आत यायचं, म्हणजे तुटलेला धागा निसटत नाही. सव्वीस वर्षं ते काम करतोय, फाटक्या तुकड्याची लाल किनार मिळायला अडचण नाही.

३० ऑगस्ट, बुधवार

“डावीकडे बघ.”

“बघतेच आहे की.”

दिवसभर हेच. शेवटी ती चिडली, मीही चिडलो. लाल पट्टीपर्यंत एकदा मान आली, ती मी हनुवटी धरून वळवली म्हणून.

६ सप्टेंबर, बुधवार

आज काहीतरी झालं.

ड्युटीवरून आलो, खुंटीजवळ उभा राहून सदरा काढत होतो. खुंटी तिच्या डावीकडे. सहज म्हटलं, “शांताबाईंच्या दारात कोऱ्या चपलांचे दोन जोड आहेत. एक बायकी. आणि आतून—” आणि सदरा डोक्यात अडकला. गुंडी काढायची राहिली होती. आत धडपडत होतो. बाहेर आलो तर कौसल्या माझ्याकडे बघत होती. पूर्ण मान वळवून.

“आतून काय?”

“काय काय?”

“अहो, आतून काय आवाज आला? पाहुणे कुठले? द्रौपदीला बघायला आलेत का?”

द्रौपदी ही शांताबाईंची भाची. तिला बघायला कोणी येणार होतं हे मला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, “ते काही पाहिलं नाही.” ती कपाळाला हात लावून म्हणाली, “देवा. मग पाहिलंत काय? चपला?”

पण मान वळली होती.

१० सप्टेंबर, रविवार

पहाटे चांगदेव मास्तरांची आठवण झाली. शनिवारी शेवटच्या तासाला ते गोष्ट सांगत. राक्षस गुहेच्या तोंडाशी आला, की ते घड्याळाकडे बघत आणि पुस्तक मिटत. “उरलेली सोमवारी.” भातलावणी असो, आमच्यातला एकही पोरगा सोमवारी घरी राहत नसे. रविवारभर गुरांमागे फिरताना आम्ही तो राक्षस डोक्यात घेऊन फिरायचो. वर्गातला कोंडू तर म्हणायचा, मला भूक लागल्यासारखं होतंय.

ते दिवस किती मोकळे होते. शाळेच्या मागे खाडीचा वास यायचा. मला तेव्हा सगळंच बघावंसं वाटे, खेकड्याची बिळं, होडी ठोकणाऱ्या माणसाचे हात. पुढे ते कधी कमी झालं, आठवत नाही. बहुतेक टेबलावर बसल्यापासून. दिवसभर कापडावरून नजर हलवता येत नाही. घरी येईपर्यंत डोळे दमलेले असत.

आजपासून अर्ध्या बातम्या सांगायच्या. डावीकडे उभं राहून, मधेच थांबून.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

सुट्टी. आठवडाभराचं लिहितो.

अवघड काम आहे. वहिनी, भाची, कोणाचं कोणाशी पटत नाही, यातलं मला काही ठाऊक नसतं. आता येता-जाता थांबावं लागतं. चहाच्या टपरीवाल्या लडकूला विचारावं लागतं. तो म्हणाला, “हरीभाऊ, तब्येत बरी हाय ना? इतक्या वर्षांत कधी थांबला न्हाय.” बुधवारी टेबलावर बसून पलीकडच्या, लूम दुरुस्त करणाऱ्या दोन जॉबरचं बोलणं ऐकत होतो, एकाची बकरी दुसऱ्याच्या छपरावर कशी चढली ते. तेवढ्यात कापड पुढे निघून गेलं. मॅनेजर मागे उभे होते. “हरीभाऊ, ध्यान किधर है? ये देखो, इतना बड़ा छेद निकल गया.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लाज वाटली. पण बकरीची गोष्ट संध्याकाळी चांगली लागू पडली. “छपरावर चढली, आणि मग खालून कोणी हाक मारली माहीत आहे?” कौसल्या वळली. इतकी वळली की उशीवरून घसरली.

लाल पट्टीकडेही ती आता आपणहून वळते. नेहमी नाही.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

काल सांगायला काही नव्हतं. दिवसभर फक्त कापड. मग रचून सांगितलं. टेलिफोनच्या खांबावर माकड बसलंय आणि त्याच्या हातात कोणाची तरी टोपी आहे. ती वळली, माझ्याकडे बघत राहिली. “कोणाची टोपी?” मी म्हटलं, “ते उद्या कळेल.” देवापुढे दिवा लावताना मनात माफी मागितली. खोटं बोललो, पण औषध म्हणून.

नवीन लग्न झालं तेव्हा कौसल्या रोज विचारायची, “आज काय झालं?” मी म्हणायचो, “काय व्हायचंय? कापड.” दोन-तीन वर्षांनी तिने विचारणं सोडलं. मग खिडकीत बसायला लागली. मला कधीकधी राग यायचा, गल्लीभर नजर असते म्हणून.

आणखी एक आठवलं. लग्नाच्या वर्षी वज्रेश्वरीला गेलो होतो. परत येताना अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांपाशी थांबलो, तर ही प्रत्येक कुंडात पायाचा अंगठा बुडवून बघत बसली, कुठलं जास्त कढत आहे ते. बस चुकली. मी रस्त्याच्या कडेला पिशवी धरून उभा होतो. कुठलं कढत निघालं ते मी विचारलं नव्हतं. आज विचारलं. ती म्हणाली, “कोपऱ्यातलं. पण तिथं एक म्हातारा डुलक्या घेत बसला होता, म्हणून हसू आलं.” ती बराच वेळ हसत होती. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या म्हाताऱ्यावर.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

ठाण्याला गेलो. ती दाखवते तो रेघेचा मध्य आता खऱ्या मध्याच्या जवळ आला आहे. गायकरबाईंना बातम्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “काका, याची पुरती उकल अजून कोणी केलेली नाही. पण असं दिसतं की जाणून घ्यायची ओढ लागली की मेंदू आतूनच जागा होतो. पदार्थ यायच्या आधी तोंडाला पाणी सुटतं ना, तसं. उत्तर मिळायच्या आधीच त्याला त्याची गोडी लागते. हुकमाने लक्ष तिकडे जात नाही. ओढीने जातं.”

कोंडूची भूक आठवली.

बाईंनी विचारलं, “मावशींना आणखी काय आवडतं?” मी सांगायला लागलो. भेंडी, पण चिंच घातलेली नको. माणसांच्या चपलांवरून माणूस ओळखणं. छपरावरच्या बकऱ्या. पावसाळ्यात लूम बंद पडले की येणारी शांतता. पलीकडच्या घरातली सोमाची सून, जिचा नवरा आखातात आहे आणि जी खिडकीतून हिला हात करते. पुढच्या पेशंटने दार वाजवलं तेव्हा थांबलो.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

दोन दिवस पुन्हा तसंच. ताप होता. अर्धं ताट, अर्धी वेणी. मी डावीकडून हाक मारली तर शांताबाईंना म्हणाली, “हे कुठून बोलतात?” शांताबाई तोंड फिरवून रडल्या. भाऊबीज आठवड्यावर आली. प्रभाकरला येऊ नको असं कळवावं, असं मनात आलं. ते बरं दिसणार नाही.

आज दिव्यासमोर काही मागितलं नाही. काय मागावं तेच सुचलं नाही. नुसता बसलो.

३१ ऑक्टोबर, मंगळवार. भाऊबीज

प्रभाकर सकाळच्या गाडीने आला. मोठी पिशवी रिकामी आणली होती. तिचे कपडे भरायला असावी.

ताप उतरून दोन दिवस झाले होते. पाट मांडला. मी तिच्या डावीकडे, माझ्या जागी उभा राहिलो. काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. कुंकू लागलं ते कपाळाच्या मधे नाही, पण भुवईवरही नाही. प्रभाकर या वेळी थट्टा करेना. ती निरांजन फिरवायला लागली. वर गेलं, मधे आलं, थांबलं.  माझ्या तोंडात शब्द आले होते, मी ओठ दाबले. तिने प्रभाकरच्या मागे दाराच्या चौकटीला डावीकडे बांधलेली लाल किनार शोधली. ती मी परवा बांधली होती, तोरणाच्या खाली. नजर तिथे गेली, मागोमाग दिवा गेला. फेर पूर्ण झाला. दुसरा सहज झाला. तिसऱ्याला ती आईचं गाणं म्हणायला लागली.

 मग प्रभाकरने दोन्ही मुठी पुढे केल्या. सवयीने केल्या, परीक्षा म्हणून नव्हे. त्याचं तोंड बघून ते कळत होतं.

कौसल्येने समोर दिसली ती उघडली. रिकामी.

ती त्या तळव्याकडे बघत राहिली. पौर्णिमेला बघत होती तशीच. बाहेर लूम खटखटत होते. प्रभाकरने डोळे मिटले.

मग ती म्हणाली, “दुसरी कुठंय?”

“काय, ताई?”

“मूठ रे. तुला दोन हात हायेत ना? दुसरी मूठ कुठं लपवलीस?”

तिने मान वळवली. हळूहळू, जड दार लोटावं तशी. पुढे पुढे, चौकटीच्या लाल किनारीपर्यंत, आणि तिथून परत येताना मूठ सापडली. दोन्ही हातांनी ती त्याची बोटं उघडायला लागली, डाव्या हातात जोर नाही तरी. प्रभाकर मुद्दाम उघडेना. “सोड मेल्या,” म्हणाली. तो हसत होता आणि रडत होता. आवळा होता. खारबावच्या घरामागच्या झाडाचा.

जाताना त्याने पिशवी घडी करून काखेत मारली. “भावोजी, स्टोव्ह तेवढा उजवीकडं घ्या.”

मी म्हटलं, “स्टोव्हला परवानगी आहे. बाकी काही हलवायचं नाही.”

३ नोव्हेंबर, शुक्रवार

लूम बंद. कौसल्या खिडकीत बसली होती. मी डावीकडे जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, “आज नाक्यावर एका माणसाने हत्ती आणलाय. आणि हत्तीच्या पाठीवर—”

ती वळली. खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “केस सगळे पांढरे झाले की तुमचे.”

“मागेच झाले.”

“बरं. हत्तीच्या पाठीवर काय?”

“ते उद्या.”

“हत्ती नाही आणि काही नाही. टोपीवालं माकडही नव्हतं. तुम्ही सांगता त्यातलं निम्मं खोटं असतं, मला काय कळत नाही?”

मी खजील झालो. विचारलं, “मग रोज वळत का होतीस?”

“खोटं बोलताना तुमचं तोंड कसं होतं ते बघायला,” असं म्हणाली आणि परत गल्लीकडे बघायला लागली. जरा वेळाने हात मागे करून माझा सदरा धरला. डाव्या हाताने. पकड अजून ढिलीच आहे.

हे गायकरबाईंना सांगायला हवं. बातमी खरी नसली तरी उपयोग होतो, असं दिसतं. कारण काय असेल ते त्यांनाच कळेल.